एकच टीव्ही, दोन कंट्रोलर आणि सासूबाईंची मालिका: हेडसेट कोणता घ्यावा?

हळदगल्ली
नमस्कार मंडळी. मी स्वतः गेम खेळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

आम्ही सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर, अकरावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. दीरांनी गेल्या दिवाळीत पीएस५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल आणला, स्लिम म्हणतात तो. जोडीला आणखी एक कंट्रोलर घेतला. टीव्ही मात्र हॉलमध्ये एकच. पुढचं महाभारत तुम्ही ओळखलं असेल.

मुलगा रात्री साडेदहानंतर मित्रांशी बोलत खेळतो. बोलतो कसला, बोंबलतो. म्हणून हेडसेट आणला, तर त्याला पिना दोन, एक हिरवी आणि एक गुलाबी, आणि कंट्रोलरला भोक एकच. दुकानदार म्हणाला होता, "ताई, सगळ्याला चालतो." दीरांचा गळ्यात घालायचा ब्लूटूथ हेडफोन आहे, तोही जोडला जात नाही.

डब्यात आलेला पांढरा कंट्रोलर बिघडलाय. बोट न लावता खेळाडू डावीकडे चालायला लागतो. तो नेमका मुलीच्या वाट्याला येतो आणि रडारड होते.

सासूबाईंची तक्रार निराळीच. साडेसातची मालिका ऐन रंगात आली की टीव्ही आपोआप गेमवर जातो. त्यांचं म्हणणं पोरं मुद्दाम करतात. पोरं देवाशप्पथ नाही म्हणतात. परवा तर मुलगी नुसतं टेबल पुसत होती, कंट्रोलर उचलून बाजूला ठेवला आणि मालिका गेली.

बजेट पाच हजार. हेडसेट कोणता घेऊ? नवा कंट्रोलर सहा हजारांच्या घरात आहे म्हणे, तो आत्ताच घ्यावा का? आणि लाईट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवलं तर चालेल का?

दोन नंबरचा भाचा
सोनीचाच वायरलेस घ्या. विषय संपला.

हळदगल्ली
दादा, त्याची किंमत बघितली. विषय तिथेच सुरू होतो.

मिरजेची खुंटी
ताई, थांबा. काहीच घेऊ नका. आधी घरात आहे ते चालवून बघू.

हेडसेट वाया गेलेला नाही. तो कॉम्प्युटरसाठीचा आहे. हिरवी पिन ऐकायची, गुलाबी माइकची. कंट्रोलरच्या भोकात दोन्ही कामं एकाच पिनेवर होतात. अशा पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, मोबाईलच्या माइकवाल्या इयरफोनची पिन काढून बघा, तशीच. दुकानात 'वाय पिन' मागा. एकीकडे दोन भोकं, दुसरीकडे तीन रेघांची एक पिन. उलटी घेऊ नका, उलटीही मिळते, म्हणजे एक भोक आणि दोन पिना. ती तुमच्या कामाची नाही. दीडएकशे रुपयांत काम होईल.

ब्लूटूथचं म्हणाल तर दीरांच्या हेडफोनची चूक नाही. पीएस५ साध्या ब्लूटूथ हेडफोनला आवाज देतच नाही, तशी सोयच ठेवलेली नाही. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्सही देत नाही. त्यामुळे खोक्यावर 'वायरलेस' लिहिलंय एवढ्यावर कुणी काही विकलं तर घेऊ नका. सोबत यूएसबीला लावायचा बारका डोंगल आहे का आणि खोक्यावर पीएस५ लिहिलंय का ते बघा. त्यातही तुमचा स्लिम. त्याच्या पुढच्या दोन्ही यूएसबी सी प्रकारच्या, जुनी रुंद पिन बसते ती मागच्या बाजूला. डोंगल मागे भिंतीकडे गेला की मध्ये यंत्राचंच धूड येतं, आणि आवाज तुटला की लोक हेडसेटला शिव्या देतात.

आता कंट्रोलर. मी मिरजेत साऊंडचं काम करतो, आजोबा सतारी करायचे, म्हणून मला हे दुखणं ओळखीचं आहे. खेळाडू चालवायला अंगठ्यानं फिरवतो ती काडी, तिच्या खाली जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखीच रचना असते. कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा पत्रा. जुना रेडिओ आठवा, बटण फिरवलं की खर्र खर्र करायचा. तेच इथे होतं. पट्टी झिजते किंवा तिच्यावर घाण बसते आणि काडी मधोमध असली तरी यंत्राला वाटतं ती डावीकडे आहे. सतारीचा पडदा दोऱ्यातून सरकला की तार कितीही छेडा, सूर चुकीचाच लागणार, तसं.

उपाय सांगतो, पण आधी एक प्रश्न. बिल आहे का?

हळदगल्ली
बिल कुठेतरी असेल. का?

मिरजेची खुंटी
दिवाळीत घेतला म्हणजे वर्ष झालेलं नाही. डब्यात आलेला कंट्रोलर कन्सोलच्या वॉरंटीत येतो. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर, फवारा, काहीही लावू नका. उघडलात की हक्क गेला.

तोवर एवढं करा. कंट्रोलरच्या पाठीला, कंपनीच्या नावाजवळ सुईएवढं भोक आहे. कन्सोल बंद करून त्या भोकात टाचणी पाच सेकंद दाबून धरा, मग केबलने कंट्रोलर कन्सोलला जोडा आणि मधलं बटण दाबा. कधी कधी एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर गेमच्या सेटिंगमध्ये 'डेड झोन' असतो, तो थोडा वाढवा, म्हणजे काडीची बारीक थरथर गेम मनावर घेत नाही. दोन्ही तात्पुरते, झिजलेली पट्टी यानं परत येत नाही.

वॉरंटी संपलेल्यांसाठी: आत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडून काडी गोल गोल फिरवली की काही महिने निघतात. काडीचा भागच बदलायचा तर सोल्डरिंगचं काम आहे, डझनावर टाके काढायचे आणि नंतर मध्य पुन्हा बसवायचा. बदलायचाच असेल तर हॉल इफेक्टचा भाग टाकून घ्या. त्यात चुंबक असतं, घासायला काही नसतं, त्यामुळे अशी झीज होत नाही. सोनीच्या महागड्या एज कंट्रोलरमध्ये काडीचा भाग नुसता ओढून बदलता येतो. साध्यात ते द्यायला काय हरकत होती, हे मला आजवर कळलेलं नाही.

सातारी कंदी
आमच्या लहानपणी घाटावर उड्या मारायचो. मुलांना मैदानावर पाठवा, सगळे प्रश्न आपोआप सुटतील.

हळदगल्ली
काका, मुलगा सकाळी साडेपाचला तालमीत जातो. प्रश्न रात्री साडेदहाचा आहे. तेव्हा कुठलं मैदान उघडं असतं?

सातारी कंदी
बरं बरं. चालू द्या.

विश्रामबागची वहिनी
ताई, माझ्या घरी हेच सगळं होऊन गेलंय, म्हणून लिहिते.

सासूबाईंचं आधी, कारण घरात शांतता तिथून सुरू होते. पोरांचा खरंच दोष नाही. कंट्रोलरचं मधलं बटण नकळत दाबलं गेलं की कन्सोल जागा होतो आणि एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीला सांगतो, माझ्याकडे वळ. टीव्ही आज्ञाधारक. कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे एचडीएमआय, आणि त्यात 'वन टच प्ले' आहे, तेवढं बंद करा. मग खेळायचं असेल तेव्हा टीव्हीच्या रिमोटने हातानं बदलावं लागेल, पण मालिकेला हात लागणार नाही.

दुसरं, माइक. हे कुणी सांगत नाही. त्या कंट्रोलरमध्ये स्वतःचाच माइक आहे. हेडसेट लावला नसेल तर तो हॉलमधलं सगळं ऐकतो. आमच्याकडे जाऊबाई आणि मी लग्नाच्या आहेराबद्दल जे बोललो ते माझ्या मुलाच्या टीममधल्या कुठल्या कुठल्या पोरांनी ऐकलं, एकानं तर मत दिलं. मधल्या बटणाखाली बारकी पट्टी आहे, ती दाबली की केशरी दिवा लागतो, म्हणजे माइक बंद. सेटिंगमध्ये लॉगिन केल्यावर माइक बंदच राहील असंही ठेवता येतं. आजच ठेवा.

तिसरं, बोंबलणं. हेडसेटनं ते कमी होणार नाही, उलट वाढेल. कान पूर्ण झाकले की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि माणूस ओरडतो. कानात बोळे घातलेल्या माणसाशी बोलून बघा. चांगल्या हेडसेटमध्ये आपलाच आवाज आपल्याला ऐकवायची सोय असते, सोनीच्या पल्स थ्रीडीला तर त्यासाठी वेगळं बटण आहे. तुमच्या साध्या हेडसेटला ते नसणार. मग एक कान अर्धा उघडा ठेवायला सांगा. आवाज अर्ध्यावर येतो, माझा अनुभव.

हळदगल्ली
वहिनी, माइकचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या हॉलमध्ये सौद्याचे भाव बोलले जातात!

गावभाग पायरी
इन्व्हर्टरचं कुणी बोललं नाही, म्हणून मी. घरच्या इन्व्हर्टरवर बघा काय लिहिलंय. 'प्युअर साइन वेव्ह' असेल तर चालवा. साधा 'स्क्वेअर वेव्ह' असेल, पंखा घूं घूं करतो ना तो, तर कन्सोल त्यावर नको. गेम चालू असताना हा प्राणी दोनशे वॅटच्या आसपास खातो, त्यामुळे बॅटरीचाही जीव जातो.

मी काय केलंय, कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस लावलाय. त्यावर खेळायचं नाही. लाईट गेली की सेव्ह करायचं आणि नीट बंद करायचं, एवढ्यासाठी. टीव्हीही त्यावरच जोडा, नाहीतर कन्सोल चालू आणि पडदा काळा, काय बंद करणार. रेस्ट मोडमध्ये, म्हणजे पूर्ण बंद न करता झोपवून ठेवलेला असताना लाईट गेली तरी पुढच्या वेळी तक्रार करतो, नीट बंद केला नाहीत म्हणून, आणि स्टोरेज तपासत बसतो. पावसाळ्यात सरळ पूर्ण बंद करा.

अवांतर: २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा पीएस४ माळ्यावर गहू आणि देव यांच्या मधोमध होता. आईनं दोन्ही वाचवले, कन्सोल मी वाचवला. तेव्हापासून ४० फुटांची बातमी आली की वायरी सोडवायला घेतो.

हळदगल्ली
काका, तुमच्या आईंना नमस्कार. यार्डाकडे पाण्यापेक्षा धूळ जास्त. हंगामात हळदीची पूड घरात कुठे कुठे जाते विचारू नका. कन्सोलच्या जाळीवर पिवळी साय धरलीय, आणि पांढऱ्या कंट्रोलरवर मुलीच्या बोटांचे पिवळे ठसे आहेत.

मिरजेची खुंटी
शोकेसमध्ये ठेवलाय का? काढा आधी. भिंतीपासून निदान १० सेंमी लांब, उघड्यावर. बाजूचे पांढरे पत्रे हातानं निघतात, स्क्रू नाही. आत पंखा आणि धूळ साचायची भोकं दिसतील, तिथे व्हॅक्युम हलक्या हातानं, पंखा बोटानं धरून, गरगर फिरू देऊ नका. यंत्र बंद आणि वायर काढलेली हवी. फुंकर मारू नका, थुंकी जाते. हे पत्रे काढणं वॉरंटीच्या आड येत नाही, कंपनीनेच तसे ठेवलेत.

विश्रामबागची वहिनी
हळदीचा डाग उन्हात उडतो हे सांगलीत सांगायला नको, पण कंट्रोलर गच्चीवर ठेवू नका, आत लिथियमची बॅटरी आहे. ओलसर फडक्याला चिमूटभर साबण, पिळून, आणि भोकांपासून लांब.

दोन नंबरचा भाचा
आधी त्रोटक लिहिलं म्हणून मिरजकरांनी मनातल्या मनात टपली मारली असणार. भरपाई करतो. तुमचा खरा प्रश्न हेडसेटचा नाही, टीव्हीचा आहे. मुलाच्या मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर 'पीएस रिमोट प्ले' टाका. कन्सोल हॉलमध्येच राहतो, चित्र मोबाईलवर येतं, कंट्रोलर मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा. टीव्हीवर तोवर मालिका चालू. आणि गंमत म्हणजे आता आवाज मोबाईलमधून येतोय, त्यामुळे दीरांचा गळ्यातला हेडफोन इथे चालतो! कंट्रोलरच्या भोकातून मात्र अशा वेळी आवाज येत नाही.

एकच अट, कन्सोल राऊटरला लॅनच्या वायरीनं जोडा, वायफायवर सोडू नका. आणि ब्लूटूथवर आवाज किंचित मागे येतो. क्रिकेट, फुटबॉलला चालून जातं. गोळीबाराच्या गेमला मुलगा कुरकुर करेल.

विश्रामबागची वहिनी
आवाजाची पातळी तेवढी बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे, मोठ्यांना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, मुलांना ७५ ला ४० तास. ९० वर गेलात तर मोठ्यांनाही आठवड्याला चारच तास. घरी मोजायला कुणी जात नाही, पण हेडसेट घातलेल्या पोराला शेजारी बसून साध्या आवाजात हाक मारा. ऐकू गेली नाही तर कमी करायला लावा.

हळदगल्ली
मंडळी, आठ दिवसांनी लिहितेय. पाच हजारांतले एकशेचाळीस खर्च झाले.

वन टच प्ले बंद केलं. सासूबाईंनी पोरांची माफी वगैरे मागितली नाही, पण परवा स्वतःहून म्हणाल्या, "त्या शिंगवाल्या रिमोटमध्ये काहीतरी खोट होती." टाचणीनं कंट्रोलर दोन दिवस शहाणा झाला, तिसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे. बिल दोन दिवस शोधलं. शेवटी ह्यांच्या हळदपट्ट्यांच्या फाईलमध्ये सापडलं, तारखेप्रमाणे व्यवस्थित लावलेलं. वॉरंटीत दिलाय, बघू किती दिवस लागतात. रिमोट प्ले दीरांना जास्त आवडलंय, ते आता गच्चीवर जातात, वायफाय जिथवर पोचतं तिथवर. मुलाला वायरीचा हेडसेटच बरा वाटतो. ओरडणं आहेच, पण एका कानापुरतं.

इन्व्हर्टर साधा निघाला. यूपीएसचं दिवाळीला बघू.

सातारी कंदी
ती वाय पिन सांगलीत कुठे मिळाली? नातवाला हवी आहे. मैदानावरून आल्यावर.

हळदगल्ली
काका, जिथे हेडसेट घेतला तिथेच. गल्ल्याखालच्या डब्यातून काढून दिली. म्हणाला, "ताई, तेव्हाच सांगायचं की कंट्रोलरला पायजे म्हणून."