मदत हवी आहे: एस७-१२०० ला पासवर्ड लावताना कोणती पातळी ठेवू?

नमस्कार मंडळी. मी बाटल्या भरण्याच्या लाइनवर मेंटेनन्स बघतो. सीमेन्सचे तीन एस७-१२०० पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर) आहेत, फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) ४.५. एकालाही पासवर्ड नाही. गेल्या आठवड्यात रात्रपाळीत कोणीतरी लॅपटॉप लावून कॅपिंगचा टायमर बदलला आणि सकाळपर्यंत झाकणं सैल जात राहिली. कोणावर बोट ठेवायचं नाही मला, पण हे पुन्हा व्हायला नको.

टीआयए पोर्टलमध्ये (पीएलसीचा प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) पासवर्डशिवाय काय काय खुलं राहील याच्या चार पातळ्या दिसतात: पूर्ण, फक्त वाचन, फक्त एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन), काहीच नाही. अडचण अशी की वाचन खुलं ठेवलं तर इलेक्ट्रिशियनला ऑनलाइन लॉजिक बघता येतं, फॉल्ट लवकर सापडतो. पण मग कोणीही अख्खा प्रोग्राम उतरवून घेऊ शकतो. एचएमआयपुरतंच ठेवलं तर रात्री दोनला सेन्सर अडकल्यावर पासवर्ड कोणाकडे मागायचा? शिवाय पासवर्ड पातळीला असतो, माणसाला नाही, म्हणजे बदल कोणी केला हे तरीही कळणार नाही.

पासवर्ड हरवला तर रिकामं ट्रान्सफर कार्ड (पीएलसीचं मेमरी कार्ड) घालून प्रोग्रामच पुसावा लागतो, म्हणून बॅकअप आधीच घेतलाय.

तुमच्याकडे पाळीनुसार पासवर्ड कसा सांभाळता? कोणी फर्मवेअर ४.७ वर जाऊन प्रत्येकाला वेगळा युजर दिलाय का? अनुभव सांगा, रविवारी लाइन बंद असते तेव्हा काम करायचंय.