हजार शब्द पाठ झाले, पण वापरता येत नाहीत. काय करू?

नाशिककर_९४:
बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता नोकरी, आणि परदेशात पुढे शिकण्यासाठी जीआरई ही प्रवेश परीक्षा द्यायचीय. तीन महिने शब्दांची यादी घोकली. परवा सरावाच्या निबंधात एका शास्त्रज्ञाला चक्क 'नोटोरियस' म्हटलं, कारण वहीत अर्थ लिहिला होता 'प्रसिद्ध'. तपासणाऱ्या ताई हसून हसून बेजार. काहीतरी सुचवा.

मिसळपाव:
रोज एका इंग्रजी पेपरचं संपादकीय वाचा. बाकी सगळं नंतर.

खडूफळा:
नाशिककर, आधी ती यादी बाजूला ठेवा. जीआरईतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ मध्येच गेले. आता वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते, म्हणजे शब्द कोणत्या संगतीत राहतो ते कळायला हवं. 'नोटोरियस' म्हणजे कुप्रसिद्ध, त्याच्या मागे गुन्हेगार येतो, शास्त्रज्ञ नाही, एवढं वहीत असतं तर ताई हसल्या नसत्या.

दुसरं, तुम्हाला संस्कृत शब्द येतात ही मोठी शिदोरी आहे. भूगोलात 'अग्निजन्य खडक' शिकलात ना? इंग्रजीत तो 'इग्निअस'. लॅटिन 'इग्निस' आणि आपला अग्नी एकाच घराण्यातले. 'इग्नाइट', म्हणजे पेटवणे, तिथलाच. लॅटिन 'सॉम्नस' म्हणजे झोप, तो आपल्या 'स्वप्न'चा भाऊबंद. त्यावरून 'इन्सॉम्निया', म्हणजे निद्रानाश, आणि 'सॉम्नोलंट', म्हणजे पेंगुळलेला. 'पेडेस्ट्रियन', म्हणजे पादचारी, यात पद म्हणजे पाऊल आहेच, पण लेखनाला 'पेडेस्ट्रियन' म्हटलं तर ते रटाळ ठरतं. मात्र नुसत्या मुळावर भिस्त ठेवू नका. 'इग्रीजस'चं मूळ 'कळपातून वेगळा', पूर्वी ते कौतुक होतं. आज 'इग्रीजस एरर' म्हणजे अक्षम्य चूक.

आळशी_मांजर:
+१. अँकी हे कार्डांवरून उजळणी करायचं ॲप वापरा, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे. कार्डावर शब्द-अर्थ नको, वाचलेलं वाक्य टाका आणि शब्दाच्या जागी रेघ. रोज दहाच नवीन. मी उत्साहात पन्नास घातली, आठवड्यात उजळणीला चारशे कार्डं साचली, ॲपच उडवलं.

नाशिककर_९४:
खडूफळा, धन्यवाद! मग 'एमिनंट सायंटिस्ट', म्हणजे नामवंत शास्त्रज्ञ, चालेल?

खडूफळा:
पळेल. वाक्यासकट कार्ड करा.

मिसळपाव:
आणि संपादकीय?

नाशिककर_९४:
वाचलं दादा. अर्धं वाचून सॉम्नोलंट झालो.