‘चिकट टोके’ की ‘जुळती टोके’?

भाषांतरकार, जळगाव :
पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पुनःसंयोजित डीएनए तंत्रावरील (डीएनएचे तुकडे कापून जोडण्याच्या) एक प्रात्यक्षिक-पुस्तिका मी मराठीत आणत आहे आणि एका शब्दापाशी गाडी अडली आहे. ईकोआरवन हे विकर (एंझाइम) डीएनएच्या धाग्यावरील ‘जीएएटीटीसी’ हा रासायनिक अक्षरांचा क्रम ओळखते आणि दोन्ही धागे समोरासमोर न कापता प्रत्येक धागा ‘जी’ व ‘ए’ यांच्यामध्ये कापते. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी ‘एएटीटी’ हा चार अक्षरांचा एकेरी धागा मोकळा राहतो. इंग्रजीत यांना ‘स्टिकी एंड्स’ म्हणतात, म्हणून मी ‘चिकट टोके’ लिहिले. माझे मामा कपाशी लावतात. त्यांनी मसुदा चाळताना त्या शब्दावर फुली मारली आणि समासात लिहिले, ‘चिकट म्हणजे शेतातले पिवळे सापळे. त्यांना पांढरी माशी चिकटते, तशी धूळही चिकटते.’ जाणकारांनी मत द्यावे.

प्रयोगशाळा सहायक, धुळे :
मामांची फुली योग्य ठिकाणी पडली आहे. ही टोके वाटेल त्याला चिकटत नाहीत. हिंदथ्री या दुसऱ्या विकराने कापलेले ‘एजीसीटी’ टोक ईकोआरवनच्या टोकाशेजारी रात्रभर ठेवले तरी त्यांची जोडी जमत नाही. जिथे जमते तिथेही ती नाजूक असते, कारण ए आणि टी यांच्यात दोनच हायड्रोजन बंध असतात, म्हणजे चार जोड्यांचे मिळून अवघे आठ. खोलीच्या तापमानाला ती सहज सुटते. म्हणूनच सांधणीचे मिश्रण आम्ही पुष्कळदा १६ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतो. थंडाव्यात टोके एकमेकांना जरा अधिक वेळ धरून राहतात आणि तेवढ्या अवधीत लायगेज हे सांधणारे विकर पक्का बंध घालून घेते. चिकटवण्याचे काम लायगेजचे, टोकांचे नव्हे. ‘चिकट टोके’ वाचलेली मुले तोंडी परीक्षेत सांगतात की विकर कापलेल्या जागी चिकट पदार्थ लावते! मी ‘जुळती टोके’ लिहीन.

निवृत्त शिक्षक, अमळनेर :
‘जुळती’ हे विशेषण फार सैल आहे. पत्रिकाही जुळते आणि यमकही जुळते. परिभाषेतील शब्द असा असावा की त्यापासून पुढचे शब्द घडवता यावेत, म्हणून मी ‘संयोगी अग्रे’ सुचवतो. मात्र त्याहून मोठा घोटाळा ईकोआरवनसारख्या कापणाऱ्या विकरांच्या नावातच आहे. ‘रिस्ट्रिक्शन एंझाइम’साठी ‘मर्यादित विकर’ असे छापलेले मी पाहिले आहे, आणि ते वाचून कोणालाही वाटेल की बिचाऱ्या विकराची ताकदच मर्यादित आहे. वस्तुतः मर्यादा पडते ती विषाणूवर. जिवाणूत शिरलेल्या विषाणूचा डीएनए कापून ही विकरे त्याची वाढ रोखतात, आणि स्वतःच्या डीएनएवर मिथिल गट चढवून जिवाणू त्याला या काटछाटीतून वाचवतो. वर्नर आर्बर यांनी हा उलगडा केला आणि त्यांना हॅमिल्टन स्मिथ व डॅनियल नाथन्स यांच्यासह १९७८ चे नोबेल मिळाले. तेव्हा ‘निर्बंधक विकर’ हाच शब्द शास्त्रशुद्ध ठरतो.

कपाशी उत्पादक, चोपडा :
सर, आपले म्हणणे मान्य आहे, परंतु ‘संयोगी अग्रे’ ऐकून माझा मुलगा विज्ञान शाखा सोडून देईल. ‘जुळती’ हा शब्द तोंडात बसतो, आणि अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होऊन वर्गात त्याचे ‘जुयती’ झाले तरी अर्थ शाबूत राहतो. लोक शब्द कसा घडवतात ते ‘बीटी’वरून पाहावे. ते नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे. त्याचे विषारी प्रथिन बनवणारे जनुक कपाशीत घातले आणि २००२ मध्ये त्या वाणांना भारतात परवानगी मिळाली. आज आमच्याकडे बीटी म्हणजे सरकीचे पाकीटच. जिवाणू कोणाच्या गावीही नसतो आणि पेरणी काही अडत नाही.

प्रयोगशाळा सहायक, धुळे :
भाऊ, पेरणी अडत नसेल, पण नुकसान होते. त्याच पाकिटासोबत बिगर-बीटी सरकीची लहान पुडी येत असे आणि तिला सगळे ‘रेफ्युजी’ म्हणत. मूळ शब्द ‘रेफ्यूज’, म्हणजे आश्रय. बीटीला बळी पडणाऱ्या अळ्यांना कडेच्या ओळींत आसरा मिळावा, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर व्हावा आणि अळीतील प्रतिकारशक्ती सावकाश पसरावी, हा त्यामागचा हेतू. ‘रेफ्युजी’ म्हटल्यावर त्याचा अर्थ ‘निर्वासित’ झाला, आणि निर्वासिताला बांधावर कोण जागा देतो? कितीतरी पुड्या तशाच फेकल्या गेल्या.

कपाशी उत्पादक, चोपडा :
पुडी फेकली गेली ती नावामुळे नव्हे. ज्या ओळी अळीने खायच्याच आहेत त्यांना खत, पाणी आणि मजुरी कोण घालेल? शिवाय गुलाबी बोंडअळी बळावली त्यात फरदडीचाही वाटा आहे. पीक वेळेवर न उपटता पुढे लांबवले की अळीला खाद्य मिळत राहते. शब्दाच्या माथी एवढे पाप मारू नये.

निवृत्त शिक्षक, अमळनेर :
पुडीवर ‘आश्रय-पीक’ असे ठळक छापले असते तर निदान विचारणा तरी झाली असती.

भाषांतरकार, जळगाव :
मूळ प्रश्न टोकांचा होता, याची आठवण करून देतो. ‘जुळती’कडे माझा कल झुकतो आहे, परंतु त्याच पानावर स्मावन हे विकरही आहे. ते ‘सीसीसीजीजीजी’ क्रमाच्या बरोबर मध्यावर दोन्ही धागे सरळ कापते. त्या ‘ब्लंट एंड्स’ना मी ‘बोथट टोके’ म्हटले आहे. तेही बदलावे काय?

निवृत्त शिक्षक, अमळनेर :
अवश्य बदलावे. बोथट होते ते पाते. इथे तर काप अगदी स्वच्छ आहे.

प्रयोगशाळा सहायक, धुळे :
मग ‘सपाट टोके’ लिहा. पण अडचण अशी की सपाट टोके कोणत्याही सपाट टोकाशी सांधता येतात, फक्त लायगेज जास्त घालावे लागते. म्हणजे वाटेल त्याच्याशी जोडली जाणारी टोके खरी हीच, आणि ‘चिकट’ नाव मात्र मिळाले दुसऱ्यांना.

कपाशी उत्पादक, चोपडा :
तर मग पिवळ्या सापळ्याचे नाव यांनाच द्या. आणि फरदडीचे मी जे लिहिले, त्यावर कोणी काहीच बोलले नाही.