आकाशवाणी-दूरदर्शनचा खर्च आपण उचलतो, मंग हिशेब मागाचा कोणाले?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)
राम राम मंडळी. गोष्ट जराशी लांब आहे, टाइम असन तरच वाचजा. मागच्या पावसाळ्यात आमच्या इकडचा सरकारी एफएम अठरा दिवस बंद होता. बंद म्हणजे नुसती खरखर, मधातच एखांदं गाणं अर्धं यायचं अन् पुन्हा खरखर. ऐन डवरणीचे दिवस, आभाय भरून येऊन राहिलं, अन् आमच्या बाबाचा सारा जीव त्या रेडिओत. लिंबाच्या फांदीले सुतळीनं बांधून असते तो, सेल ढिल्ले बसते म्हणून मधात बिडीच्या बंडलाचा कागद खोसून ठेवला आहे, पण सकाळच्या बातम्या अन् संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम चुकत नाही. म्या फोन लावला. पहिल्या ऑफिसनं दुसऱ्याचा नंबर देला, दुसरा म्हणे कार्यक्रमाचं इचारा, ट्रान्समीटरचं आम्हाले माहीत नाही, तिसरीकडं घंटी वाजून वाजून बंद. अन् एकजण तर उलटा मलेच म्हणते, तुम्हाले रेडिओ कायले पाह्यजे, मोबाईल नाही का?

तवापासून डोक्यात हेच घोळून राहिलं. आकाशवाणी-दूरदर्शन चालवते ती संस्था म्हणजे प्रसार भारती; तिचा कायदा १९९० चा, लागू झाला १९९७ मध्ये, म्हणजे कागदावर आकाशवाणी-दूरदर्शन सरकारच्या हाताखालून सुटून पाव शतक झालं. पगार मात्र सरकारच देते. वरून जानेवारी २०२३ मध्ये नवीन ट्रान्समीटर, स्टुडिओ, मशिनरी यासाठी २,५३९ कोटीची योजना मंजूर केली. माझी त्याले ना नाही, द्या पैसा. पण त्याच कायद्यात २२ खासदाराईची समिती लिहून आहे, लोकाईच्या तक्रारी आयकाले एक परिषद लिहून आहे, अन् दोन्ही कागदावरच राहिल्या. मंग आमच्यासारख्यानं जाव कुठं? पैसा सरकारनंच द्यावा पण जाब आयकणाऱ्याले मिळावा, असं माझं म्हणणं. तुमचं सांगा.

मोबाईलवाला_पोट्टा (वर्धा जिल्हा)
भाऊ राग नको मानू, पण त्या ऑफिसवाल्यानं बरोबरच इचारलं. आमच्या गावात चालू रेडिओ एकच आहे, कटिंगच्या दुकानात, तो पण गाण्यासाठी. पाऊस मोबाईलवर दिसते, वीज पडाचा इशारा द्याले दामिनी अ‍ॅप आहे, कापसाचा भाव ग्रुपवर सकाळी आठच्या आत येते. मंग हजारो कोटी कायले?
अन् खरी गरज सांगू का? पाऊस मोजाचं यंत्र आमच्याकडं महसूल मंडळाच्या गावाले एक. आजूबाजूच्या साऱ्या गावाईच्या पीकविम्यात विम्यावाले त्याचाच आकडा दाखवते. आमच्या वावरात गुडघाभर पाणी साचलं अन् यंत्रापाशी नुसता शिडकावा, झालं, विमा गेला. तो ट्रान्समीटरचा पैसा गावागावात यंत्र लावाले द्या, मी उद्या सकाळी पेढे वाटतो.

झाडीवाला (गडचिरोली जिल्हा)
पोट्ट्या, तुझ्या अ‍ॅपले टावर लागते ना? आमच्या गावात फोन कराचा तर शाळेमागच्या टेकडीवर जा, तिथं पण एकाच कोपऱ्यात दोन कांड्या येते, अन् तिथं अगोदरच चारजण हात वर करून उभे असते. पावसात लाइन गेली का टावरची बॅटरी पण बसते, मंग तीन दिवस काहीच नाही. ज्या दिवशी नाला भरून येते त्याच दिवशी मोबाईल मरते. रेडिओ दोन सेलवर चालते बापा.
आन एक आठवण. धान पिकलं का आम्ही जागलीले जाऊ, रानडुकरं हाकलाले. मचाणीवर रेडिओ लावून ठेवाचा, आवाजानं डुक्कर पण जवळ येत नाही अन् माणसाले पण झोप लागत नाही. रातभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय सेवा होती, १९८८ ची, नागपूरजवळच्या १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून देशभर आयकू जाये. २०१९ च्या तोंडावर बंद केली. कोणाले इचारून केली? मचाणीवरच्याले तर नाही इचारलं.

मोबाईलवाला_पोट्टा
काका, डुक्कर हाकलाले १००० किलोवॅट? 😄 एक पेनड्राईववाला स्पीकर दीडशे रुपयाले येते.

झाडीवाला
हास हास. तो स्पीकर उद्या पाणी येणार हे सांगते का?

जुना_मास्तर (अमरावती जिल्हा, सेवानिवृत्त)
चर्चा चांगली चालू आहे, थोडं जुनं सांगतो. आमच्या लहानपणी रेडिओला लायसन लागायचं. पोस्टात जाऊन दर वर्षी फी भरायची, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा, आणि नाही भरली तर इन्स्पेक्टर येईल म्हणून वडील रेडिओ गोधडीत गुंडाळून ठेवत (इन्स्पेक्टर काही कधी आला नाही). १९८५ च्या सुमारास ते लायसन गेलं. लोकांना आनंद झाला, मलाही झाला होता. पण आता वाटतं, त्या शिक्क्यासोबत आपला हक्कही गेला. फी भरणारा माणूस भांडू शकतो, अनुदानावरची सेवा घेणारा हात जोडतो.
इंग्लंडमध्ये बीबीसीसाठी अजून लायसन आहे, एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड झालं होतं, म्हणजे घरामागे अदमासे वीस हजार रुपये. आपल्याकडे प्रसार भारतीला सरकारकडून वर्षाला अडीच-तीन हजार कोटी जातात, १४० कोटी लोकांत वाटले तर माणशी वीसेक रुपये. एका वेळचा चहा आणि समोसा. एवढ्याशा पैशावर 'बंद करा' म्हणणं मला पटत नाही.

हिशेबानं_बोला (अकोला जिल्हा)
मास्तर, वीस रुपये कमी आहेत म्हणून हिशेब नको असं थोडंच असते? आमच्या सोसायटीत पावती पाच रुपयाची असली तरी आमसभेत भांडणं होते.
मुद्दा पैशाचा नाहीच, मुद्दा हा का ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. जे सरकार पगार देईन त्याच्या विरोधातली बातमी साताच्या बातम्यात येईन का? हे कोण्या एका पक्षाचं नाही, आणीबाणीतही तेच अन् आजही तेच, खुर्चीवरचा बदलला का सूर बदलते. कायद्यानं अध्यक्ष निवडाची पद्धत चांगली ठेवली, उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष अन् राष्ट्रपतीचा एक माणूस मिळून नाव सुचवते. पण फेब्रुवारी २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत चार वर्षं ती खुर्चीच रिकामी होती! आमच्या गावची ग्रामपंचायत चार महिने सरपंचाबिगर राहिली तर बीडीओ गाडी घेऊन येते.
अन् वरून हे पाहा, खासगी एफएमवाल्याले स्वतःच्या बातम्या द्याची परवानगीच नाही, दिल्या तर आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावा. म्हणजे रेडिओवर बातमीचं दुकान एकच. एकच दुकान अन् मालक सरकार, तिथं तराजू कोण तपासन? माझं मत, अनुदान बंद, कमवा अन् चालवा. डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या बिनमहिन्याच्या छत्रीवर, खासगी चॅनलवाले जागेसाठी लिलावात बोली लावते, त्याच्यात पैसा येतेच ना.

धुऱ्यावरचा
कमवा अन् चालवा म्हणता, ते कोणाकडून कमवाचं? आमच्या इकडचा अनुभव सांगतो. २०१७ ची गोष्ट सगळ्याईले आठवत असन, आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, माणूस फवारा मारे अन् वाऱ्यानं ते त्याच्याच तोंडावर येये. दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारत होते, काऊन का दुकानदारानं सांगितलं म्हणून. आता मले सांग अकोल्याच्या भाऊ, औषध कंपनीच्या जाहिरातीवर चालणारं चॅनल "औषधं मिसळू नका, या हप्त्यात फवारूच नका" हे सांगन का? ते सांगाले असा माणूस पाह्यजे ज्याचा पगार औषध खपण्यावर नाही. त्या कामाले मी माझे वीस काय, चाळीस रुपये देतो.

मोबाईलवाला_पोट्टा
गोष्ट मनाले लागली भाऊ, आमच्याही नात्यातला एकजण तवा आठ दिवस दवाखान्यात होता. पण आकाशवाणी कोणती सोवळी आहे? विविध भारतीवर जाहिराती १९६७ पासून चालू आहे. फवाऱ्याच्या जाहिराती मी सरकारी रेडिओवर सवता आयकल्या. म्हणजे पगार सरकारचा अन् जाहिरात कंपनीची, दोन्हीकडून पोळी.

धुऱ्यावरचा
हे मात्र खरं. याच्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. शेतीच्या कार्यक्रमाच्या आगं-मागं तरी औषधाची जाहिरात नको, एवढं लिहून घ्यावं असं वाटते.

हिशेबानं_बोला
अन् अनुशेषाचं, म्हणजे विदर्भाच्या वाट्याचं जे राहून गेलं त्याचं, कोणी बोलूनच नाही राहिलं. १९५६ साली रेडिओ शेती मंडळाचा देशातला पहिला मोठा प्रयोग झाला, गावात रेडिओ ठेवाचा, शेतकरी बसून आयकणार, चर्चा करणार, प्रश्न लिहून पाठवणार अन् पुढच्या कार्यक्रमात त्याचं उत्तर. १५० गावं घेतली. कुठली? पुण्याच्या आजूबाजूच्या पाच जिल्ह्याईची! विदर्भातलं एकबी नाही. तवापासून हेच चालू आहे.

जुना_मास्तर
थांबा, इथे तुम्ही घाई केली. तो प्रयोग १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमधला. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला. पुणे केंद्राने आपल्या राज्यातली गावं घेतली, यात अनुशेष कुठला? आणि नागपूर केंद्र तर जुलै १९४८ पासून आहे, पुण्याच्याही आधीपासून, देशाच्या मानाने बरंच लवकर मिळालं.
पण तुम्ही प्रयोग आठवलात ते फार छान. जबाबदारी म्हणजे काय ते त्यातच आहे. गावाने पत्र लिहायचं आणि रेडिओने पुढच्या खेपेला गावाचं नाव घेऊन उत्तर द्यायचं. त्याला ना समिती लागली ना परिषद.

हिशेबानं_बोला
बरं, तारखेचं चुकलं माझं. बाकीच्या अनुशेषाचं मी मागं घेत नाही 😄

संत्र्याची_बाग (अमरावती जिल्हा)
मी इतक्या वेळ नुसती वाचत होती. आमच्या घरी फ्री डिश आहे, छत्री एकदा बसवली, महिन्याचा खर्च शून्य. पोट्ट्यानं म्हटलं ते बंद करा, पण दुपारी जेवण झाल्यावर आमच्या गल्लीतल्या बाया फ्री डिशच पाहते, रिचार्ज संपाची कटकट नाही. फक्त शेतीचे कार्यक्रम पाहाले गेलं तर त्याच्यात शेतकरी म्हणजे दर वेळी बुवाच. निंदण आम्ही करतो, वेचणी आम्ही करतो, संत्र्याचं ग्रेडिंग आम्ही करतो, अन् मुलाखत देते घरचा माणूस, ज्याले वेचणीचा रोज किती ते पण इचारून सांगा लागते. हे कोणाले सांगाचं, त्याचा पत्ता कोणी देईन का?
अन् अनुदान बंद कराच्या आधी अमेरिकेचं पाहा. जुलै २०२५ मध्ये तिथल्या काँग्रेसनं सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे १.१ अब्ज डॉलर कापले. मोठ्या शहरातले स्टेशन देणगीवर तरून जाईन, लहान गावचे ज्याईचं अर्धं बजेटच त्या पैशावर होतं त्याईच्या नाकाशी सूत आलं. आपल्याकडं तर देणगी फक्त गणपतीले अन् सप्त्याले मिळते.

मोबाईलवाला_पोट्टा
ताई, हे बरोबर आहे. चला, मी 'बंद करा' वरून 'अर्धं बंद करा' वर येतो. पण पर्जन्यमापक सोडत नाही.

झाडीवाला
मंग असं करा ना, यंत्र लावा अन् त्याचा आकडा रोज संध्याकाळी रेडिओवर गावाचं नाव घेऊन सांगा. विम्यावाल्याले मंग खोटं बोलता येणार नाही, साऱ्या तालुक्यानं आयकलं राहीन.

मोबाईलवाला_पोट्टा
काका 🙏 हे कसं सुचलं नाही मले.

धुऱ्यावरचा
झाडीवाले काका, दोन्ही बाजू एका वाक्यात बसवल्या तुम्ही. बरं, म्या ठरवलं, त्या अठरा दिवसाचा माहिती अधिकारात अर्ज टाकतो. ट्रान्समीटर काऊन बंद होता, दुरुस्तीचा सामान कधी मागवला, किती पैसा लागला, अन् तक्रार कोणाच्या नावानं लिहाची. कोणाले अर्जाचं माहीत आहे का? तहसीलात टाकतो तसा दहाचं कोर्ट फी तिकीट लावून देऊ का?

जुना_मास्तर
तिकीट चालणार नाही, ते राज्याच्या ऑफिसला. हे केंद्राचं आहे, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा, ऑनलाइनही भरता येतं. पोस्टल ऑर्डरचा नंबर अर्जात लिहा आणि एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. 'का' विचारू नका, 'का' ला उत्तर देत नाहीत. तारखा आणि कागदांच्या प्रती मागा.

संत्र्याची_बाग
अन् त्याच पाकिटात माझा पण एक कागद टाकजा, बायाईच्या मुलाखतीचा. पोस्टाचा खर्च मी देते.

धुऱ्यावरचा
देतो ताई, पाठवा. उद्या तालुक्याले जातो तसंही, बाबाले नवीन सेल आणाचे आहे.