१८८६ च्या घरासाठी वॉलपेपरची बॉर्डर: सल्ला हवा आहे

मीरा_मँचेस्टर
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी मँचेस्टरमध्ये आम्ही जुनं टेरेस घर, म्हणजे ओळीत भिंतीला भिंत लागून असलेलं घर, घेतलं. दारावरच्या दगडात १८८६ कोरलंय. पुढच्या खोलीतला वुडचिप (लाकडाचा भुसा घातलेला खरखरीत वॉलपेपर) भिजवून खरवडला तर खाली पाच थर निघाले. सगळ्यात आतल्या थरावर, खिडकीशेजारी, जमिनीपासून तीन फुटांवर एक आडवी बॉर्डर आहे. तीन इंच रुंद, मरून रंगावर शेवाळी पानं. हातभर तुकडा शाबूत आहे. तो दिसल्यापासून या खोलीला तिचं जुनं रूप द्यायचं मनाने घेतलंय.

रंगारी म्हणतो, छताला लागून बॉर्डर चिकटवू, बाकी भिंत पांढरी करू. मला पटत नाही. खोली नऊ फूट चार इंच उंच आहे. छताखाली सोळा इंचांवर पिक्चर रेल (चित्रं टांगायची लाकडी पट्टी) काढल्याची खूण चारही भिंतींवर दिसते. बॉर्डर नेमकी कुठे लावू? कुठून घेऊ? आणि त्या हिरव्या रंगात विष असेल का? घरात चार वर्षांची मुलगी आहे.

अवंती_सजावट
मीराताई, रंगाऱ्याचं ऐकू नका. तुमच्याकडच्या दोन्ही खुणा एकत्र पाहा. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये भिंतीचे तीन आडवे भाग करायची पद्धत रुळली. खाली डेडो, मध्ये फिलिंग, पिक्चर रेलच्या वर फ्रीझ. डेडो गडद असायचा, कारण खुर्च्या आणि बूट तिथेच लागतात. फिलिंगवर चित्रं टांगायची, म्हणून त्याची नक्षी शांत. फ्रीझ मान वर करून लांबून बघायचा, म्हणून तिथे मोठी, मोकळी नक्षी चालते. त्या काळचे चित्रकार वॉल्टर क्रेन यांनी काढलेले फ्रीझ बघा, लगेच लक्षात येईल.

तुमची तीन इंची पट्टी म्हणजे बहुधा डेडोचा वरचा काठ. लाकडी रेल नसेल तिथे कागदी बॉर्डरच ते काम करायची. तेव्हा बॉर्डर तीन फुटांवरच लावा. छताखालच्या सोळा इंचांत बारीक बॉर्डर नको, तिथे पूर्ण फ्रीझ हवा. मधली भिंत साध्या रंगाची ठेवलीत तरी शोभेल. खर्च आवरायचा तर तिथे आवरा.

साध्या टेरेस घरात पाच थर कसे, याचंही कारण आहे. ब्रिटनमध्ये १७१२ पासून वॉलपेपरवर कर होता, तो १८३६ मध्ये उठला. १८३९ मध्ये डार्वेनच्या पॉटर कंपनीने रोलरवर छपाईचं पेटंट घेतलं. डार्वेन तुमच्यापासून फार लांब नाही. कागद स्वस्त झाला आणि लोक हौसेने बदलायला लागले.

दादरकर_लंडन
खरेदीआधी डोळ्यांनी बघून या. तुमच्याच गावातल्या व्हिटवर्थ गॅलरीकडे वॉलपेपरचा मोठा संग्रह आहे. लंडनला आलात तर केन्सिंग्टनमधलं १८, स्टॅफर्ड टेरेस चुकवू नका. व्यंगचित्रकार लिन्ली सँबोर्न यांचं हे घर १८७५ पासूनचं आहे आणि आतली सजावट बरीचशी तशीच आहे. मी तिथे तासभर भिंतीच बघत होतो.

डेडो, बॉर्डर, फ्रीझ असा जुळता संच हवा असेल तर अमेरिकेतल्या ब्रॅडबरी अँड ब्रॅडबरीचा कॅटलॉग बघा. महाग पडतं, पण त्या काळचा अभ्यास करून केलेलं असतं. मुलगी लहान आहे, तर डेडोला लिंक्रस्टाचा विचार करा. लिनोलियम शोधणाऱ्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८७७ मध्ये काढलेला हा उठावाच्या नक्षीचा जाड प्रकार आहे. वरून रंग देता येतो, पुसताही येतो. अ‍ॅनाग्लिप्टा हा तसाच उठावाचा कागद, पण त्याहून हलका आणि स्वस्त.

मीरा_मँचेस्टर
दोघांचे मनापासून आभार! पण भिंत लाटांसारखी आहे. आणि विषाचं राहिलं.

जुनं_प्लास्टर
वीस वर्षं जुन्या घरांत कागद लावतोय, म्हणून लिहितो. शील ग्रीन आणि एमराल्ड ग्रीन या रंगांत आर्सेनिक असायचं. तुमच्या घराच्या काळापर्यंत आर्सेनिकमुक्त कागद अशा जाहिराती होऊ लागल्या होत्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. कोरडं खरवडू नका, सँडपेपर तर अजिबात नको. भिजवूनच काढा, हातमोजे आणि मास्क घाला, मुलीला तेव्हा दुसऱ्या खोलीत ठेवा. दारंखिडक्यांच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची चाचणी आधी करा.

भिंत चुन्याची असेल तर व्हिनाइल कागद नको, ओल आत कोंडते. आधी लायनिंग पेपर, म्हणजे खालचा साधा अस्तराचा कागद, आडवा लावा. बॉर्डरची रेघ लेव्हलने आखा, मात्र आखल्यावर दारातून बघा. जुन्या घरात जमीनच कललेली असते, मग अचूक रेघही वाकडी दिसते. अशा वेळी थोडी तडजोड करून डोळ्याला सरळ वाटेल तिथे धरा. कोपऱ्यात अखंड पट्टी वळवू नका. अर्धा सेंटिमीटर पुढे नेऊन कापा आणि दुसरी त्यावर चढवा.

आणि तो हातभर तुकडा काढू नका. त्याच्या भोवती नवा कागद थांबवा, वर भिंतीला न टेकणारी काचेची चौकट बसवा.

मीरा_मँचेस्टर
ठरलं. तीन फुटांवर बॉर्डर, वर फ्रीझ, मधे साधा मातकट रंग. रंगाऱ्याला आज कळवते. शनिवारी लेकीला घेऊन व्हिटवर्थला जातेय, बॉर्डरचा फोटो सोबत नेईन. चौकट कोणत्या मापाची घ्यावी हे सांगाल का? तुकडा सतरा इंच लांब आहे.