निर्दोषत्वाचा पुरावा दडवणाऱ्या सरकारी वकिलाची सनद जावी का?

मूळ मांडणी
टेक्सासच्या विल्यमसन काउंटीत ऑगस्ट १९८६ मध्ये क्रिस्टीन मॉर्टन यांचा खून झाला आणि पुढच्या वर्षी त्यांचे पती मायकेल यांना जन्मठेप झाली. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाने, बाबा त्या वेळी घरी नव्हते, असे आजीला सांगितले होते. ही नोंद तपासाच्या कागदांत असूनही सरकारी वकील केन अँडरसन यांनी ती बचाव पक्षाला दिली नाही. डीएनए चाचणीमुळे मायकेल सुमारे पंचवीस वर्षांनी, २०११ मध्ये सुटले; तोवर अँडरसन न्यायाधीश झाले होते. २०१३ मध्ये त्यांनी सनद सोडली आणि त्यांना शिक्षा झाली ती दहा दिवसांची कैद व पाचशे डॉलर दंड.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या इम्बलर निकालात सरकारी वकिलांना नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून पूर्ण संरक्षण दिले, आणि ते देताना व्यावसायिक शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही एक कारण सांगितले. ती कारवाई प्रत्यक्षात होतच नसेल तर त्या संरक्षणाला नैतिक आधार कोणता?

प्रतिसाद १
आपला संताप योग्य आहे, पण सनद काढून घेण्याचा उपाय मला पटत नाही. शिक्षा झालेला जवळपास प्रत्येक आरोपी तक्रार करू शकतो, आणि सनदेवर सतत टांगती तलवार असेल तर अभियोक्ता अवघड खटले, विशेषतः बलाढ्य आरोपींविरुद्धचे, हाती घेताना कचरेल. टेक्सासने २०१३ मध्ये मायकेल मॉर्टन कायदा करून अभियोग पक्षाची फाइल बचाव पक्षाला खुली करणे बंधनकारक केले. अन्याय होण्याआधीच तो रोखणारा हा मार्ग मला अधिक मोलाचा वाटतो.

मूळ लेखकाचे उत्तर
फाइल खुली केली तरी त्यातला एखादा कागद आधीच बाजूला काढणाऱ्याचे काय? हेतू सिद्ध झाल्याशिवाय सनद जाऊ नये, हे मला मान्य आहे. १९६३ च्या ब्रॅडी निकालानुसार आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा मागूनही न देणे हा, हेतू काहीही असला तरी, आरोपीच्या हक्काचा भंग आहे, आणि त्यावरून फेरसुनावणी मिळू शकते. पण फेरसुनावणी आणि वकिलाची जबाबदारी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टेक्सासचे सरकारी वकील चार्ल्स सेबेस्टा यांचे उदाहरण पाहा. त्यांनी ज्यांच्या बाजूचा पुरावा दडवला ते अँथनी ग्रेव्हज अठरा वर्षे तुरुंगात होते, त्यांतील बारा मृत्युदंडाच्या कोठडीत. ते २०१० मध्ये सुटले आणि सेबेस्टा यांची सनद २०१५ मध्ये रद्द झाली. टेक्सासने २०१३ मध्येच तक्रारीची चार वर्षांची मुदत सुटकेपासून मोजण्याची तरतूद केली होती. आपल्याविरुद्ध काय दडवले गेले, हे गजाआडच्या माणसाला कळणार तरी कसे?

प्रतिसाद २
मी फौजदारी न्यायालयात बचावाची बाजू मांडतो, त्यामुळे आपल्याकडची स्थिती सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच अभियोग चालवणाऱ्या वकिलाने निर्दोषास शिक्षा होऊ देऊ नये आणि निर्दोषत्व सिद्ध करू शकणारी सामग्री दडवणे कटाक्षाने टाळावे, असे स्पष्ट लिहिले आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची कारवाईही होते. मात्र आपल्याकडे सामग्री गोळा करतात पोलीस, आणि जी कागदपत्रे सरकारी वकिलापर्यंत पोहोचलीच नाहीत त्यांच्याबद्दल त्याला दोषी धरणे अन्यायाचे ठरेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, दोषारोपपत्रात आधार न घेतलेल्या जबाबांची व दस्तऐवजांची यादी आरोपीला द्यावी, असे नियम आखून दिले. त्या यादीवर सरकारी वकिलाची, आपण ही सामग्री पाहिली आहे अशी, सही असावी. म्हणजे बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीसमोर तपासण्याजोगे काही तरी येईल.

प्रतिसाद १
सहीची सूचना मला मान्य आहे. पण यादी अपुरी होती हे उघड झाल्यावर चौकशी पोलीस अधिकाऱ्याची आधी व्हावी, वकिलाची नंतर. नाहीतर सही करणाराच बळीचा बकरा होईल.