मदत हवी आहे: बॅटरी पार उतरली, जंप स्टार्ट करू का?
नमस्कार मंडळी. गणपतीला दहा दिवस एसटीने कोकणात गेलो होतो, गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये. काल चावी फिरवली तर नुसतं टक् टक्, दिवे मिणमिणले आणि सगळं गप्प. डिकी नीट लागली नव्हती, आतला दिवा दहा दिवस जळत राहिला असणार. (डिकी मीच लावली होती, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नाही.)

मल्टिमीटर लावला तर ११.४ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. गाडी पेट्रोल, बॅटरी साडेतीन वर्षांची.

शेजारचे काका त्यांची गाडी जवळ आणायला तयार आहेत, जम्पर केबलही आहे. मला माहीत असलेला क्रम: लाल चिमटा माझ्या प्लसला, दुसरा लाल त्यांच्या प्लसला, काळा त्यांच्या मायनसला आणि शेवटचा काळा माझ्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडाली तर बॅटरीतला हायड्रोजन पेटू नये म्हणून. काढताना उलट क्रम. इथवर बरोबर ना?

अडलंय ते पुढे. प्लसच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर जमलाय. तो आधी खायच्या सोड्याच्या पाण्याने साफ करायचा, की जंप करून मग? काकांची गाडी डिझेल आहे, दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या, तरी त्यांचं इंजिन चालू ठेवायचं की बंद? काका म्हणतात, "कशाला केबल, धक्का मारू, तू सेकंडला क्लच सोड." फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत (पेट्रोल विजेवर फवारलं जातं ती) इतक्या उतरलेल्या बॅटरीवर ते जमतं का?

उद्या सकाळी करणार आहोत, स्वतः केलेल्यांनी सांगा.